शेठ वालचंद हिराचंद : चरित्र आणि बोध

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे अल्पचरित्र द्यावे, असा परिपाठ आहे. बहुधा ती व्यक्ती आपल्याच ज्ञातीतील असते. यंदा मात्र आम्ही बुद्धिपुरस्सर ज्ञातीबाहेरील एका कर्तबगार पुरुषाची निवड केली आहे. शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यातील. आपला आणि त्यांचा रक्ताचा संबंध नाही. तथापि डहाणू, घोलवड, बोर्डी, झाई व तलासरी या टापूत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांचा चरितार्थ समुद्रावर, बागायतीवर अथवा लहानमोठ्या व्यापारावर चालतो. धंदा आपला असणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या भेडसावीत आला आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यात वालचंदांचे अवघे आयुष्य खर्ची पडले. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या तरुणांनी वाचावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या मुलखाची एक विशेष गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. स्वातंत्र्यापूर्वी डहाणू हे ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात होते. पूर्वेस जव्हारचे संस्थान होते. ते १९४८ मध्ये विलीन झाले. तलासरीच्या पलीकडे नगर हवेलीत पोर्तुगीजांचा अंमल होता. तो १९५४ मध्ये संपुष्टात आला. तेव्हा दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवर तीन सत्ता, तीन कायदे आणि तीन कचेऱ्या होत्या. माणूस तोच, माल तोच. पण कागद कोणत्या कचेरीत नोंदला आहे, यावरून त्याचे हक्क बदलत. फार काय, आपल्या डहाणू रोड स्थानकावरून जाणारी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेसुद्धा १८५५ मध्ये विलायतेत स्थापन झालेल्या कंपनीची होती. तिचे रूळ आपल्या शेतांतून गेले, हमाली आपल्या लोकांनी केली. परंतु भागधारकांची सभा भरे ती लंडनमध्ये. सरकारने १९०५ मध्ये ही रेल्वे विकत घेतली, तरी कारभार मात्र १९४२ पर्यंत त्या कंपनीकडेच राहिला. नोंदवहीतील नाव आणि प्रत्यक्ष कष्ट यांतील हे अंतर डोळ्यांसमोर ठेवूनच पुढील चरित्र वाचावे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे पूर्वज सौराष्ट्रातून महाराष्ट्रात येऊन स्थायिक झाले होते. घरचा व्यवसाय सावकारी व कापसाचा. जन्मानंतर अल्पावधीतच त्यांचे मातृछत्र हरपले. सोलापूर, मुंबई व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. परंतु घरातील आपत्तींमुळे ते अपुरेच सोडून त्यांस पेढीवर बसावे लागले. पिढीजात धंदा सुरक्षित होता, तथापि त्यांचे मन त्यात रमले नाही. लक्ष्मण बळवंत फाटक नावाचे एक गृहस्थ रेल्वेतील कारकुनी सोडून ठेकेदारीत शिरू पाहत होते. वालचंदांनी त्यांच्याशी भागीदारी केली आणि फाटक-वालचंद ही पेढी उभी राहिली. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल व धडाडी. एक ब्राह्मण, दुसरा जैन. त्या काळी जातीची चौकट ओलांडून झालेली ही भागीदारी लोकांच्या नजरेत भरली.

या पेढीचे पहिले मोठे काम बार्शी लाइट रेल्वेचे होते. येथेही आपल्या विषयाचा धागा सापडतो. ही रेल्वे बार्शी-पंढरपूरच्या माळरानावर धावे, वारकऱ्यांना नेई, कापूस वाही; परंतु ती चालविणारी कंपनी १८९५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली होती. वालचंदांनी तिच्या मार्गाचा काही भाग बांधून दिला व त्यात त्यांस किफायतही झाली. पुढे भोरघाटातील बोगदे, मुंबईस पाणी आणणाऱ्या तानसाच्या जलवाहिन्या, अशी प्रचंड कामे त्यांच्या हातून पार पडली. मात्र ठेकेदार कितीही मोठा झाला तरी तो दुसऱ्याच्या मालमत्तेवर काम करणाराच राहतो, हा धडा त्यांना आरंभीच मिळाला असावा. त्यांचे पुढील सर्व उद्योग पाहता हे अनुमान वावगे ठरू नये.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश सरकारने आगबोटी युद्धकार्यासाठी ताब्यात घेतल्या. व्यापारास बोटी मिळेनात, भाडी आकाशास भिडली. त्या युद्धकाळात ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची एम्प्रेस ऑफ इंडिया नावाची जुनी आगबोट घेऊन तिचे रुग्णालय-जहाज केले आणि तिला लॉयल्टी असे नाव दिले. ही बोट १८९१ मध्ये इंग्लंडात बांधलेली होती. युद्ध संपल्यावर तिचे काम संपले व ती विक्रीस निघाली. आगगाडीच्या प्रवासात एका इंग्रज व्यापाऱ्याकडून ही वार्ता वालचंदांच्या कानी पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. इतरांना ती एक जुनी बोट वाटली. वालचंदांना मात्र तीत स्वदेशी नौकानयनाची संधी दिसली.

त्यापूर्वीचे दाखले उत्साहवर्धक नव्हते. जमशेटजी टाटा यांनी १८९० नंतरच्या दशकात बोटी चालविण्याचा प्रयत्न केला. तो परकीय कंपन्यांनी भाडी पाडून हाणून पाडला. तुतिकोरीनचे चिदंबरम् पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. तिचीही अखेर अशीच झाली आणि पिळ्ळैंना कारावास भोगावा लागला. हे सर्व ठाऊक असूनही वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांस सोबत घेतले. २७ मार्च १९१९ रोजी मुंबईस सिंदिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ग्वाल्हेरच्या घराण्यावरून कंपनीस हे नाव मिळाले. अवघ्या नऊ दिवसांनी, म्हणजे ५ एप्रिल १९१९ रोजी, लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, हे आपल्या शाळांतील मुलांना ठाऊक असेल. पण त्यामागील कथा थोड्यांनाच ठाऊक असते.

येथे नोंदणीची बाब किंचित उकलून सांगणे अगत्याचे आहे. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली व्यक्ती होय. माणसाचा जन्म जसा गावच्या दप्तरात नोंदला जातो, तसा कंपनीचा जन्म निबंधकाच्या नोंदवहीत होतो. ज्या राज्याच्या नोंदवहीत नाव, त्या राज्याचा कायदा तिला लागू. तिचे घटनापत्र, तिची नोंदलेली कचेरी, तिच्या भागधारकांची यादी हे सर्व तेथेच राहते. त्या वेळी हिंदुस्थानात १९१३ चा कंपनी कायदा होता व तो इंग्लंडच्या कायद्याच्या धर्तीवर रचलेला होता. जहाजाचीही वेगळी नोंद असे. ती १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी जहाज कायद्याखाली होई. जहाज एका बंदराच्या वहीतून दुसऱ्या बंदराच्या वहीत नेता येई, मालक बदलता येई. पण मुंबई असो, हाँगकाँग असो वा लंडन, साम्राज्यातील बंदरात नोंदलेले जहाज कायद्याच्या लेखी ब्रिटिशच ठरे. त्यामुळे एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. सिंदिया कंपनी मुंबईची, तिचे भांडवल हिंदी लोकांचे, तिचे संचालक हिंदी. परंतु तिच्या बोटी आणि तिला बुडवू पाहणाऱ्या विलायती कंपनीच्या बोटी एकाच निशाणाखाली, एकाच कायद्याखाली, आपल्याच किनाऱ्यावर फिरत. वहीत दोघींमध्ये काहीच फरक नव्हता.

फरक होता तो सामर्थ्यात. आपल्या किनारी व्यापारावर ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते व तिच्या मागे लॉर्ड इंचकेप यांच्यासारखी बलाढ्य व्यक्ती होती. सिंदियाने ब्रह्मदेशच्या तांदळाची वाहतूक सुरू करताच त्या कंपनीने भाडी निम्म्याहून खाली आणली. टाटा व पिळ्ळै यांवर चाललेले शस्त्र पुन्हा उपसले गेले. लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया कंपनी विकत घेण्याचीही तयारी दाखविली. पैशाच्या दृष्टीने तो प्रस्ताव मोहक होता. तो नाकारण्यात आला. तरीही १९२३ मध्ये कंपनीस दहा वर्षांचा करार पत्करावा लागला. त्यान्वये तिच्या जहाजांच्या एकूण वजनावर मर्यादा आली आणि उतारूंची वाहतूक तिला वर्ज्य झाली. हा करार वालचंदांना शेवटपर्यंत सलत राहिला. त्याच वर्षी म्हातारी झालेली लॉयल्टी मोडीत निघाली. बोट गेली, पण कंपनी तरली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात निवर्तले व अध्यक्षपदाची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली.

याच काळात एक नवी युक्ती दृष्टोत्पत्तीस आली. स्वदेशीच्या भावनेचा व संरक्षक जकातींचा लाभ मिळावा म्हणून अनेक विलायती कंपन्या येथेच नव्या कंपन्या नोंदवू लागल्या. नावाच्या शेवटी इंडिया लिमिटेड अशी अक्षरे जोडली की कागदोपत्री त्या हिंदी होत. नोंद मुंबईची, भांडवल मात्र परदेशचे. कचेरी येथे, निर्णय तेथे. वालचंद व त्यांचे व्यापारी सहकारी यांनी या प्रकारास कसून विरोध केला. आमच्या मते त्यांच्या विचारांतील हा महत्त्वाचा टप्पा होय. १९१९ मध्ये मुंबईच्या नोंदवहीत नाव घालणे हाच विजय वाटला असेल. आता असे दिसून आले की केवळ नोंदीने धंदा आपला होत नाही. भांडवल कोणाचे, संचालक कोण आणि व्यवस्था कोणाच्या हाती, या तीन प्रश्नांची उत्तरेही आपल्या बाजूने पाहिजेत.

त्यात १९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टने भर घातली. या कायद्यात व्यापारी भेदभावाविरुद्धची कलमे मुद्दाम घातली होती. विलायतेत नोंदलेल्या कंपनीस ती परदेशची आहे म्हणून, अथवा तिचे संचालक व भागधारक येथले नाहीत म्हणून, येथील विधिमंडळास अडविता येऊ नये. विलायतेत नोंदलेल्या जहाजाविरुद्धही भेद करता येऊ नये, असा त्यांचा आशय होता. समता हा शब्द कानास गोड लागतो. पण पहिलवान आणि पाळण्यातील मूल यांस एकाच आखाड्यात उतरवून दोघांस नियम सारखेच, असे म्हणणे ही समता नव्हे. किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा, अशी मागणी विधिमंडळात १९२८ पासून होत होती. या कलमांनी तिची वाटच बंद केली.

१९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाला. कालपर्यंत एकाच राज्यात असलेले रंगून एका रात्रीत दुसऱ्या अधिकारक्षेत्रात गेले. सिंदियाचा मोठा व्यापार त्या मार्गावर होता. शिवाय रंगूनमध्ये हिंदी लोकांच्या कितीतरी पेढ्या, गिरण्या व वखारी होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४२ मध्ये, जपान्यांनी रंगून घेतले. हजारो हिंदी कुटुंबे अराकानच्या व आसामच्या डोंगरांतून पायी मायदेशी आली. कित्येक वाटेतच दगावली. ब्रह्मदेशचे सरकार सिमल्यास येऊन राहिले. धंद्याची जागा शत्रूच्या ताब्यात, सरकार सिमल्यात आणि मालक कलकत्त्यात वा मद्रासेत, अशी त्रेधा झाली. युद्ध संपून १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील हिंदी व्यापारी कायद्याच्या दृष्टीने पूर्णतः परदेशी ठरले. राज्ये बदलतात तेव्हा कागदांचे काय होते, याचे इतके कठोर उदाहरण विरळा.

या युद्धकाळातच वालचंदांनी एकाच वेळी विमान, जहाज व मोटार या तीन कारखान्यांना हात घातला. विमानांच्या कारखान्यासाठी त्यांनी म्हैसूर संस्थानाचे साह्य मिळविले. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी बंगलोर येथे, म्हणजे संस्थानी अधिकारक्षेत्रात, स्थापन झाली. ब्रिटिश मुलखात जी दारे बंद होती ती संस्थानात उघडली, यात त्यांची व्यवहारचातुरी दिसते. परंतु जपानी युद्ध भडकताच १९४२ मध्ये हिंदुस्थान सरकारने कारखान्याचा कारभार आपल्याकडे घेतला. जहाजे बांधण्याच्या गोदीसाठी त्यांस कलकत्त्यास जागा हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी विशाखापट्टणम् निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिची कोनशिला बसविण्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले व काम विस्कळीत झाले. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी मुंबईस निघाली. तीन कारखान्यांपैकी एक हातचा गेला, एक रखडला, एक युद्धानंतरच चालू झाला. तरी माणूस खचला नाही.

स्वातंत्र्य आले आणि चित्र पालटले. १९३५ च्या कायद्यातील ती कलमे इतिहासजमा झाली. १९४७ मध्ये नौकानयनविषयक सरकारी उपसमितीने हिंदी जहाज कंपनी कोणती याची व्याख्या सुचविताना मालकी, नियंत्रण व व्यवस्थापन या तिन्ही गोष्टींचा विचार केला. वालचंदांसारख्यांनी पंचवीस वर्षे जे प्रतिपादन केले होते, तेच सरकारी कागदावर आले. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणम् येथे पंडित नेहरूंच्या हस्ते जल-उषा या जहाजाचे जलावतरण झाले. लवकरच किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवण्यात आला. स्वतंत्र भारताचा स्वतःचा व्यापारी जहाज कायदा १९५८ मध्ये झाला. परंतु तो पाहावयास वालचंद राहिले नाहीत.

१९४९ मध्ये त्यांस अर्धांगवायूचा झटका आला. पुढील वर्षी त्यांनी उद्योगांतून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. मृत्यूपूर्वी वर्षभर आधी, १९५२ मध्ये, विशाखापट्टणम्ची गोदी सरकारी हिंदुस्थान शिपयार्डकडे गेली होती. म्हणजे त्यांच्या तीन मोठ्या स्वप्नांपैकी दोन राष्ट्राच्या मालकीची झाली. त्यांच्या हयातीत भरभराटलेली सिंदिया कंपनीही पुढे १९८० नंतरच्या काळात कर्जाच्या ओझ्याखाली खचली. हेही चरित्रात सांगणे प्राप्त आहे. स्तुतीच्या ओघात हे झाकून ठेवले, तर वाचकांची फसवणूक होईल. नोंद, भांडवल व व्यवस्था ही तिन्ही आपली असली, तरी पुढील पिढीची दक्षता नसेल तर संस्था टिकत नाही.

वालचंदांच्या या चरित्रापासून आपल्या ज्ञातीने काय घ्यावे? आपले किती तरी तरुण आज भागीदारीत वा कंपनी काढून धंदा करतात. कोणी तलासरी ओलांडून सिल्वासास, कोणी वापी-उंबरगावास, कोणी मुंबईस. दादरा-नगर हवेली व दमण येथे एके काळी करांच्या मोठ्या सवलती मिळत. त्यांच्या ओढीने पुष्कळांनी तेथे कारखाने व कचेऱ्या थाटल्या. त्यात गैर काही नाही. वालचंदांनीही संधी दिसेल तेथे, बंगलोरपर्यंत जाऊन, नोंदणी केली. परंतु पुष्कळदा असे आढळते की कष्ट आपल्या मुलाचे, कर्जास तारण घर आपले आणि कंपनीच्या वहीत भाग मात्र दुसऱ्याच्याच नावे. नोंदलेली कचेरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावयाची तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो, धनकोंना सूचना द्यावी लागते व केंद्र सरकारची संमती घ्यावी लागते. ज्याच्या नावावर भागच नाहीत, त्याला अशा ठरावात मत नसते. ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

समुद्रावरील बांधवांनाही हेच लागू आहे. झाईपासून डहाणूच्या खाडीपर्यंत प्रत्येक मासेमारी बोटीवर महाराष्ट्राच्या नोंदणीची खूण असते. ती खूण कोणाच्या नावे आहे, कर्ज कोणाच्या नावे आहे, बोट चालविणाऱ्या तांडेलाचा तीत वाटा आहे की नाही, हे घरातील सर्वांस ठाऊक असावे. विशेषतः घरातील स्त्रियांस. २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूस भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा आपल्या मातीचे नावसुद्धा एका नोंदवहीत चढले. तेही एकट्यादुकट्याने नव्हे, उत्पादकांनी संघटित होऊन मिळविले, हे विसरता कामा नये.

म्हणून ज्ञातीतील वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती आहे. दिवाळीत वहीपूजन करताना केवळ रोजमेळाची वही पुढे न ठेवता भागीदारीचा करारनामा, कंपनीचे घटनापत्र, भागधारकांची यादी, बोटीचे नोंदणीपत्र हेही बाहेर काढावे आणि मुलामुलींस जवळ बसवून वाचून दाखवावे. ज्यास इंग्रजी कागद समजत नसेल, त्यास ज्ञातीतील वकील व हिशेबतपासनीस बंधुभगिनींनी विनामूल्य समजावून द्यावा. एवढे झाले, तर शेठ वालचंद हिराचंद यांचे स्मरण केवळ स्मरणिकेच्या पानांत न राहता आपल्या घराघरांत उपयोगी पडेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.